डिस्क ब्रेक बसवले, पण पेडल खाली जाते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत अजून कितीतरी ॲम्बेसेडर, पद्मिनी आणि महिंद्राच्या जुन्या जीप जिवापाड सांभाळलेल्या आहेत. त्यांच्या पुढच्या चाकांना डिस्क बसवण्याचे काम आता गावोगावचे मिस्त्री करतात. काम झाल्यावर येणारी तक्रार मात्र ठरलेली: पेडल फार खाली जाते. सर्वाधिक विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

हे सगळे काम सपाट जागी, चाकांना ठोकळे लावून आणि गाडी स्टँडवर घेऊन करायचे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जायचे नाही.

१. ड्रम असताना पेडल वर होते. डिस्क बसवल्यावर खाली का गेले?

पेडल किती खाली जाणार हे ब्रेक ऑइलच्या हिशेबावर ठरते. चाकाकडच्या पिस्टनला जागचे हलायला जेवढे ऑइल लागते, तेवढे मास्टर सिलिंडरला (पेडलने दाबला जाणारा मुख्य पंप, पुढे नुसता मास्टर) ढकलावे लागते. डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन ड्रममधले शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरपेक्षा बराच मोठा असतो, त्यामुळे केसभर ढिलाईसुद्धा पेडलवर मोठी होऊन दिसते.

उदाहरण घ्या. कॅलिपरचा पिस्टन ५४ मिमी, मास्टर पाऊण इंची म्हणजे १९.०५ मिमी, आणि पेडलचे गुणोत्तर ६ ला १, म्हणजे पेडल ६ मिमी गेले की मास्टरचा पिस्टन १ मिमी जातो. पिस्टनचे क्षेत्रफळ २२९० चौरस मिमी. दोन्ही चाकांचे पिस्टन फक्त ०.१ मिमी जास्त हलले तर सुमारे ०.४६ सीसी ऑइल जादा लागते. पाऊण इंची मास्टरला त्यासाठी १.६ मिमी जास्त पुढे जावे लागते आणि पायाखाली पेडल जवळपास १० मिमी खाली जाते. मिलिमीटरच्या दहाव्या भागाला एक सेंटिमीटर पेडल! म्हणूनच ड्रमवर खपून गेलेले वाकडे-ढिले काम डिस्कवर खपत नाही.

२. पेडल किती खाली जाणे ठीक आहे?

कडक पेडल एकूण चालीच्या वरच्या अर्ध्या भागात मिळायला हवे. अंदाजावर राहू नका, स्टीलची पट्टी घ्या. इंजिन बंद करून, बूस्टर (व्हॅक्यूमच्या जोरावर पायाला मदत करणारा डबा) असेल तर चार-पाच वेळा पेडल मारून त्यातली व्हॅक्यूम संपवा. मग फ्लोअरपासून मोकळ्या पेडलची उंची मोजा. नेहमीच्या ब्रेकला लावता तेवढा जोर लावून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवा, कारण पुढे प्रत्येक दुरुस्तीनंतर हेच माप घ्यायचे आहे. "आता बरं वाटतंय" यावर ब्रेकचे काम सोडू नये.

सुरुवातीची ५ ते १० मिमी मोकळी चाल दोष नाही, ती असलीच पाहिजे (प्रश्न ८).

३. दोष नेमका कुठे आहे, हे काही न उघडता कळेल का?

बरेचसे कळते. पेडल पायाला काय सांगते ते नीट ऐका.

एकदा दाबल्यावर खाली, पण पटापट दोन-तीनदा मारल्यावर वर येऊन दगडासारखे कडक झाले, तर हवा नाही, कुठेतरी ढिलाई आहे. मागचे लायनर (ड्रमच्या शूवरचे घासणारे अस्तर) पाहा (प्रश्न ६), नाहीतर डिस्क लचकते आहे, म्हणजे फिरताना डावी-उजवी डुलते आहे (प्रश्न १२). मारल्यावर वर आले पण स्पंजासारखे दबत राहिले, तर हवा (प्रश्न ४ आणि ५). पाय स्थिर ठेवला आणि पेडल सावकाश खाली सरकले, तर मास्टर आतून सोडतो आहे किंवा बाहेर गळती आहे (प्रश्न १३). पहिल्यापासून कडक, फक्त खोल, आणि पंप मारूनही फरक नाही, तर मास्टरचा बोअर (आतला व्यास) लहान पडतो आहे (प्रश्न ७).

त्यानंतर होज दाबून बघायची चाचणी. गोल, गुळगुळीत जबड्याचा होज क्लॅम्प घ्या. दातेरी पकड किंवा व्हाइसग्रिप थेट लावली तर आतला थर फाटतो आणि नवा आजार तयार होतो. पुढचे दोन आणि मागचा एक असे तिन्ही रबरी होज दाबा आणि पेडल मारा. पेडल वर आणि कडक मिळाले तर मास्टर ठीक. आता एकेक क्लॅम्प सोडत जा. ज्या क्लॅम्पला पेडल धपकन खाली गेले, दोष त्या चाकाकडे. वरून स्टीलची जाळी विणलेल्या होजला मात्र क्लॅम्प लावू नका.

४. तीन लिटर ऑइल ओतले, चार वेळा हवा काढली, तरी हवा निघत नाही.

आधी कॅलिपर बघा: हवा काढायचा निपल वर आहे की खाली? डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की निपल खाली येतो. कॅलिपर दिसायला व्यवस्थित बसतो, पॅडही बसतात, पण हवेचा बुडबुडा पिस्टनच्या वरच्या कोपऱ्यात अडकून राहतो आणि खालच्या निपलमधून नुसते स्वच्छ ऑइल येत राहते. निपल होजच्या तोंडापेक्षा आणि पिस्टनपेक्षा वरच हवा.

कधीकधी ब्रॅकेटच असे असते की बाजू बरोबर असूनही निपल तिरका राहतो. मग कॅलिपर ब्रॅकेटवरून काढा, पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीचा लाकडी किंवा लोखंडी तुकडा घाला, निपल सरळ आभाळाकडे करून हवा काढा आणि पुन्हा बसवा. मधला तुकडा न घालता पेडल दाबले तर पिस्टन बाहेर येऊन पडेल.

हवा अडकण्याची दुसरी जागा म्हणजे मास्टर. नवा मास्टर गाडीवर चढवण्याआधी बाकावर, व्हाइसमध्ये आडवा धरून त्याची हवा काढावी लागते. दोन्ही पोर्टना लहान पाइप लावून त्यांची टोके ऑइलच्या डबीत बुडवा आणि बोथट दांड्याने पिस्टन सावकाश ढकला. डबीत येणारे बुडबुडे थांबेपर्यंत हे करायचे. दहा-पंधरा मिनिटांचे काम आहे. ते वाचवले की पूर्ण दिवस जातो.

तिसरी जागा मागच्या एक्सलवरचा पाइप. तो मध्येच कमानीसारखा वर वाकवला असेल तर कमानीत हवा बसते.

५. हवा काढण्याची बरोबर पद्धत कोणती?

मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून क्रम साधारण असा: मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. निपलला पारदर्शक नळी लावा आणि तिचे टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेले ठेवा. आतला माणूस पेडल सावकाश दाबून धरतो आणि "धरलं" म्हणतो. बाहेरचा निपल पाव ते अर्धा फेरा उघडतो, पेडल खाली जाते, निपल बंद होतो आणि मगच "सोड". निपल उघडा असताना पेडल सुटले की हवा परत आत. पेडल धाडधाड मारू नका, त्याने ऑइलमध्ये फेस होतो.

जुन्या मास्टरवर काम करताना पेडलखाली लाकडाची पट्टी ठेवा, म्हणजे ते पूर्ण तळाला जाणार नाही. वर्षानुवर्षे न वापरलेल्या बोअरच्या शेवटच्या भागात गंज आणि खळगे असतात. मास्टरचा रबरी कप तिथपर्यंत गेला की कापला जातो, आणि हवा काढायला घेतलेली गाडी मास्टर बिघडवून बसते.

मास्टरवरची ऑइलची डबी रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर पहिल्यापासून सुरुवात. बाटलीत निघालेले ऑइल पुन्हा डबीत ओतू नका.

६. डिस्क पुढे बसवल्या, मग मागच्या ड्रमचा काय संबंध?

सर्वांत मोठा संबंध इथेच आहे. "डिस्क बसवल्यावर पेडल खाली" या तक्रारीत सर्वांत आधी मागचे लायनर बघावेत असे आमचे ठाम मत आहे. पुढचे काम चालू असताना मागे कोणी हातच लावलेला नसतो.

मागचा व्हील सिलिंडर पाऊण इंची धरला तर दोन्ही चाकांचे मिळून चार पिस्टन. प्रत्येकाला ड्रमपर्यंत पोचायला १ मिमी जास्त जावे लागले तर १.१४ सीसी ऑइल जाते. पाऊण इंची मास्टरवर ते ४ मिमी, पेडलवर २४ मिमी. म्हणजे मागच्या लायनरच्या मिलिमीटरभर ढिलाईत पेडलची इंचभर चाल जाते.

ॲडजस्ट करताना पहिले काम हँडब्रेकची केबल पूर्ण ढिली करणे. केबल आधीच ओढलेली असेल तर शू जागेवर बसत नाहीत आणि सगळे माप खोटे येते. चाक अधांतरी घेऊन ॲडजस्टर चाक अडकेपर्यंत फिरवा. आता पेडल जोरात दोन-तीनदा दाबा, म्हणजे शू मध्यावर येतील. चाक पुन्हा सैल झालेले दिसेल. पुन्हा अडकेपर्यंत घ्या, पुन्हा दाबा. दाबल्यावर सैल व्हायचे थांबले की चाक हाताने मोकळे फिरेल आणि लायनरचा अगदी बारीक घासल्याचा आवाज येईल इतपत मागे सोडा. दोन्ही चाके झाल्यावरच हँडब्रेकची केबल लावा.

जुन्या जीपमध्ये बॅकप्लेटच्या मागे एक्सेंट्रिक बोल्ट असतात आणि दोन्ही शू वेगवेगळे लावावे लागतात. एकच शू लावून सोडून दिलेला अनेकदा सापडतो.

७. मास्टर मोठा टाकला की झाले ना? किती इंची घ्यावा?

मोठा मास्टर पेडल वर आणतो हे खरे, पण त्याची किंमत पायाला मोजावी लागते. प्रश्न १ मधलीच गाडी घ्या: पुढे ५४ मिमीचे पिस्टन ०.५ मिमी हलतात, मागचे पिस्टन १ मिमी. एकूण सुमारे ३.४३ सीसी ऑइल. पेडल ६ ला १.

पाऊण इंची मास्टरवर पेडल ७२ मिमी जाते, ७/८ इंचीवर ५३ मिमी, एक इंचीवर ४१ मिमी.

आता दाब बघा. पायाचा जोर ३० किलो धरला तर मास्टरवर १८० किलो येतात. पाऊण इंचीत ६३ किलो प्रति चौरस सेंमी दाब तयार होतो, ७/८ मध्ये ४६, एक इंचीत जेमतेम ३५. ड्रममध्ये फिरणारा ड्रमच शूला आत ओढून मदत करतो. डिस्कला ती मदत नाही, तिला ड्रमपेक्षा जास्त दाब लागतो. म्हणजे बूस्टर नसलेल्या गाडीला एक इंची मास्टर टाकला की पेडल छान वर, छान कडक, आणि गाडी थांबत नाही. ही अवस्था खाली जाणाऱ्या पेडलपेक्षा जास्त धोक्याची आहे, कारण उभ्या गाडीत तपासताना सगळे उत्तम वाटते.

म्हणून आधी मागचे लायनर, डिस्कचा लचका आणि हवा निस्तरा. तरीही पेडल खोल राहिले तर पाऊण इंचीवरून ७/८ वर या. बूस्टर नसेल तर तिथेच थांबा. दुकानात "डिस्कवाला मास्टर द्या" असे मागू नका. कॅलिपरचा पिस्टन व्हर्नियरने मोजा, मास्टरवर कोरलेला बोअर वाचा आणि वरचा हिशेब कागदावर करून मग पैसे द्या.

८. पुश रॉडमध्ये किती मोकळीक ठेवायची?

रॉड आणि मास्टरचा पिस्टन यांत सुमारे १ मिमी. ६ ला १ पेडलवर ती पायाखाली ६ मिमी मोकळी चाल म्हणून जाणवते. मास्टर बदलला आणि जुनाच रॉड आखूड पडला तर पेडलची २०-३० मिमी चाल नुसत्या पोकळीत जाते. खूप गाड्यांचा दोष एवढाच निघतो.

उलट चूक जास्त वाईट. पेडल वर आणायचे म्हणून रॉड लांब केला आणि पिस्टन पूर्ण मागे येईनासा झाला, तर डबीकडे जाणारे बारीक छिद्र झाकले जाते. ऑइल तापून फुगते पण त्याला परतायला वाट राहत नाही. दहा-पंधरा किलोमीटरवर पेडल आपोआप वर-वर येते, डिस्क जळक्या वासाने तापते आणि चाके जाम होतात.

तपासायची पद्धत साधी आहे. डबीचे झाकण काढा, टॉर्च धरा आणि दुसऱ्याला पेडल हाताने, अगदी हळू दाबायला सांगा. छिद्र मोकळे असेल तर पहिल्या दोन-तीन मिलिमीटरमध्येच तळातून ऑइलची बारीक चूळ वर उसळते. ती दिसली नाही तर रॉड आखूड करा. डोळे डबीच्या थेट वर नेऊ नका, आणि सांडलेले ऑइल लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग सोलून निघेल.

९. बूस्टर बसवला तर पेडल वर येईल का?

नाही. बूस्टर पायाचा जोर कमी करतो. लागणारे ऑइल तेवढेच राहते, त्यामुळे चालही तेवढीच. उलट हलक्या पायाने जास्त जोर लागल्यामुळे पेडल आणखी खोल गेल्यासारखे वाटते. बूस्टरचा फायदा वेगळा: त्याच्या जोरावर मोठा मास्टर वापरता येतो. बूस्टरच्या गाडीला पेडलचे गुणोत्तर ४ ला १ च्या आसपास असते. ६ ला १ च्या पेडलला तसाच बूस्टर लावला की ब्रेक अंगावर येतो आणि पेडलची चाल विनाकारण लांब राहते. बूस्टर आणि मास्टरच्या मधल्या छोट्या दांड्याचे मापही बघा. तो आखूड असेल तर प्रश्न ८ मधलाच दोष इथे तयार होतो.

डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये कामाची व्हॅक्यूम नसते. डिझेल ॲम्बेसेडर किंवा जीपला बूस्टर लावायचा तर अल्टरनेटरवर व्हॅक्यूम पंप हवाच, आणि त्याचा ऑइल पाइपही नीट जोडलेला हवा.

१०. जीपचा मास्टर फ्लोअरखाली आहे. रात्रभर उभी राहिली की सकाळी पहिला ब्रेक लागत नाही.

सीजे-३बी सारख्या जुन्या जीपमध्ये मास्टर पायाखाली असतो, कॅलिपर त्याच्या बरोबरीला किंवा वर. गाडी उभी राहिली की कॅलिपरमधले ऑइल उताराने मास्टरकडे परत येते आणि पॅड डिस्कपासून दूर जातात. उपाय म्हणजे डिस्कच्या लाइनमध्ये २ पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह, म्हणजे लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह. बाण चाकांकडे ठेवून मास्टरच्या जवळ लावा.

ड्रमच्या लाइनला लागतो तो १० पीएसआयचा. जुन्या ड्रमच्या मास्टरमध्ये असाच व्हॉल्व्ह आतच बसवलेला असतो. तो मास्टर तसाच डिस्कला जोडला तर पॅड कायम घासत राहतात. डिस्कच्या लाइनमधला आतला व्हॉल्व्ह काढायचा, ड्रमच्या लाइनमधला राहू द्यायचा. मास्टर बॉनेटखाली, कॅलिपरपेक्षा उंच असेल तर २ पीएसआयच्या व्हॉल्व्हची गरज नाही.

११. एकाच लाइनचा जुना मास्टर ठेवला तर चालेल?

चालतो, पण ठेवू नये. एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. एवढा खर्च करतोच आहोत तर टँडम, म्हणजे दोन स्वतंत्र लाइनचा मास्टर घालावा. त्याची एक खूण लक्षात ठेवा: टँडममध्ये एक लाइन निकामी झाली तरी ब्रेक लागतो, फक्त पेडल अचानक खूप खोल जाते. कालपर्यंत वर असलेले पेडल आज एकाएकी खाली गेले तर ते ॲडजस्ट करत बसू नका, गळती शोधा. गाडी जागची हलवू नका.

१२. "पेडल एकदम खाले जास", पण लगेच दुसऱ्यांदा दाबले की वर येते. असे का?

मागचे लायनर बरोबर असतील आणि खराब रस्त्यावरून आल्यावर किंवा वळणानंतर हे जास्त होत असेल, तर डिस्क लचकते आहे. फिरताना ती पॅडला आणि पॅड पिस्टनला मागे ढकलते. पुढच्या ब्रेकला ते अंतर भरण्यात पेडल जाते.

डायल गेज हबजवळच्या स्थिर भागावर बसवा, टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून १० मिमी आत टेकवा आणि डिस्क हाताने फिरवा. फरक ०.१ मिमीच्या आत हवा, ०.०५ मिळाला तर उत्तम. जास्त आला तर डिस्क लेथवर द्यायची घाई करू नका. आधी बेअरिंगची ढिलाई काढा. मग डिस्क काढून हबचा दर्शनी भाग तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत करा. हब आणि डिस्कच्या मध्ये अडकलेला गंजाचा एक पापुद्रा गेजवर साफ दिसतो. मग डिस्क एकेक बोल्ट पुढे सरकवून बसवून बघा. सगळे करून फरक राहिला तरच लेथ, आणि शक्य असेल तर हबसकट एकत्र.

१३. सिग्नलला पाय ठेवून थांबलो की पेडल हळूहळू खाली सरकते.

आधी बाहेरची गळती: चारही चाकांच्या आतल्या बाजू, सगळे जोड, आणि मास्टरच्या मागे पेडलकडचे रबर. सगळे कोरडे असेल आणि डबीतली पातळीही कमी होत नसेल तर मास्टरचा कप आतून ऑइल सोडतो आहे. बोअर बोटाने तपासा. नखाला खळगा लागला तर नुसती किट (नव्या रबरांचा संच) टाकून उपयोग नाही, मास्टर बदला किंवा स्टीलची स्लीव्ह बसवून घ्या. रेतीकागदाने बोअर घासला की काही दिवस चालतो आणि ऐन वेळी दगा देतो.

१४. हवा नाही, मास्टर बरोबर, लायनर लावलेले. तरीही पेडल स्पंजासारखे का?

चार जागा बघा.

मागचे ड्रम लेथवर मोठे केलेले असतील आणि लायनर मूळ मापाचे असतील, तर लायनर फक्त मध्यावर टेकतो. जोर लावला की शू वाकतो आणि पायाला ते हुबेहूब हवेसारखे लागते. लायनरवर खडू फासून ब्रेक लावा आणि उघडून बघा. खडू फक्त मध्ये पुसला गेला असेल तर लायनर ड्रमच्या गोलाईला घासून घ्यायला हवेत. ड्रमवर छापलेल्या कमाल मापाच्या पुढे गेलेला ड्रम सरळ भंगारात.

दुसरी जागा कॅलिपरचे ब्रॅकेट. स्थानिक बनावटीचे ब्रॅकेट पातळ किंवा तिरके असेल तर ब्रेक लावताना कॅलिपर पिळला जातो. पॅड काढून बघा, एका टोकाला पाचरीसारखे झिजलेले दिसतील. फ्लोटिंग कॅलिपरच्या पिना अडकल्या असतील तरी हेच होते. त्यांना पिवळे ग्रीस नको, ब्रेकसाठीचे सिलिकोन ग्रीस लावा.

तिसरी, जुने होज. दुसऱ्याला पेडल दाबायला सांगून होजवर बोटे ठेवा. फुगलेला लगेच हाताला लागतो.

चौथी जागा कोणी बघत नाही: पेडलचे ब्रॅकेट आणि त्यामागचा पत्रा. ब्रेक दाबताना मास्टरकडे नजर ठेवा. तो पुढे डुलताना दिसला तर गंजलेल्या पत्र्याला आतून प्लेट लावून मजबुती द्या. पेडलच्या बुशची झीजही तेव्हाच बघून घ्या.

१५. कन्नड घाट उतरून चाळीसगावला येईपर्यंत पेडल खाली जाते, थंड झाल्यावर परत ठीक. दोष काय?

पेडल नरम होऊन खाली गेले तर ऑइल उकळून त्याची वाफ झाली. ऑइल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते आणि पाण्याने त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ३ प्रतीचे ऑइल नवे असताना किमान २०५ अंश, पाणी शोषल्यावर १४०. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो. त्यात कन्नड, कोंडाईबारी किंवा तोरणमाळच्या उतारावर पाय ब्रेकवरच ठेवला तर जुने ऑइल १४० चा टप्पा सहज गाठते. डॉट ४ भरा आणि दर दोन वर्षांनी, शक्यतो पावसाळा संपल्यावर, बदला.

पेडल थोडेच खाली गेले पण कडक राहिले, तर मागचे ड्रम तापून मोठे झाले आहेत. २५० मिमीचा ड्रम २०० अंशांनी जास्त तापला की व्यासात अर्धा मिमी वाढतो. पेडल वर आणि कडक असूनही गाडी थांबत नसेल तर लायनर किंवा पॅडची पकड गेली आहे, ऑइलचा दोष नाही.

घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका.

१६. कोणते ऑइल घालायचे? किट कशाने धुवायची?

ऑइल डॉट ४. जांभळे सिलिकोनचे डॉट ५ हे डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळायचे नाही. किट धुवायला ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल यांतले काहीही ब्रेकच्या रबराला लागले की रबर फुगते. धुतलेली किट पहिल्या दिवशी घट्ट, उत्तम वाटते. आठवड्यात कप फुगून मास्टर परत येत नाही आणि ब्रेक जाम होतो. चुकून पेट्रोल किंवा इंजिन ऑइल सिस्टीममध्ये गेले असेल तर सगळी रबरे आणि होज बदलण्याला पर्याय नाही.

१७. नव्या कॅलिपरचा होज जुन्या पाइपला बसतो, पण थोडा पाझरतो. टेफलॉन टेप लावू का?

लावू नका. जुन्या गाड्यांत अनेकदा ३/८ इंच, २४ आट्यांचा नट असतो, नव्यांत एम-१० बाय १. एक ९.५ मिमीचा, दुसरा १० चा. आटेही जवळजवळ सारखे, त्यामुळे चुकीचा नट दोन-तीन फेरे जातो आणि बसल्यासारखा वाटतो. मग दाबाखाली पाझरतो किंवा निसटतो. योग्य ॲडॉप्टर घ्या आणि फ्लेअरचा (पाइपच्या पसरवलेल्या तोंडाचा) आकार समोरच्या जागेला जुळतो का ते बघा. सील आट्यांवर होत नाही, फ्लेअरवर होते, म्हणून टेपचा उपयोग शून्य. फ्रिजची तांब्याची नळी ब्रेकला कधीही वापरू नका. हादऱ्यांनी ती कडक होते आणि तडकते.

१८. मागेही डिस्क लावल्या आणि पेडल आणखी खाली गेले.

हँडब्रेक आतच असलेला कॅलिपर असेल तर त्याचे अंतर हँडब्रेकच्या यंत्रणेनेच भरले जाते. केबल सोडून कॅलिपरवरची दांडी हाताने वीस-पंचवीस वेळा ओढा, पॅड डिस्कजवळ येईपर्यंत. मग केबल लावा. चारही चाकांना डिस्क झाल्यावर मास्टरचा हिशेब नव्याने करावा लागतो (प्रश्न ७).

१९. डबीतले ऑइल कमी होते, गळती मात्र कुठेच नाही.

पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो आणि त्याच्या मागची जागा ऑइल भरते. ५४ मिमीच्या फ्लोटिंग कॅलिपरचे दोन्ही पॅड ८-८ मिमी झिजले तर एका चाकाला सुमारे ३७ सीसी, दोन्हींना ७३ सीसी. ड्रमच्या मास्टरची लहान डबी तेवढ्यात कोरडी पडू शकते आणि हवा आत जाते. मोठी डबी बसवा. नवे पॅड टाकताना पिस्टन मागे ढकलण्याआधी थोडे ऑइल काढून घ्या, नाहीतर ते वरून सांडेल.

२०. आरटीओ आणि विम्याचे काय?

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते की आरसीवरच्या आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. एमएच-१९ जळगाव, एमएच-१८ धुळे, एमएच-३९ नंदुरबार, ज्या कार्यालयात गाडीची नोंद आहे तिथे काम सुरू करण्याआधी लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा.

गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी असून व्हिंटेज नोंदणी हवी असेल तर जास्त काळजी घ्या. २०२१ च्या नियमांनुसार गाडी मूळ रूपात असावी लागते आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल झालेला नसावा लागतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे. अशा गाडीला वेल्डिंग किंवा कापाकापी न करता फक्त बोल्टवर बसणारे किटच वापरा, आणि मूळ ड्रम, बॅकप्लेट, मास्टर तेल लावून जपून ठेवा.

२१. सगळे झाले. पहिली चाचणी कुठे आणि कशी?

गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत मारा. नवे पॅड टाकल्यावर पहिले दोन-तीन वेळा पेडल तळाला जातेच, आणि ते शेडमधून बाहेर येताना कळण्यात अर्थ नाही. मग इंजिन चालू करून पूर्ण जोराने अर्धा मिनिट दाबून धरा आणि प्रत्येक जोड बोटाने पुसून बघा.

मोकळ्या, सपाट रस्त्यावर २० च्या वेगाने सुरुवात करा. गाडी एका बाजूला ओढत नाही याची खात्री झाल्यावर ५० वरून १० पर्यंत दहा-बारा ब्रेक लावा, दोन ब्रेकमध्ये अर्धा किलोमीटर जाऊ द्या. पूर्ण थांबून पाय दाबून ठेवू नका, नाहीतर तापलेल्या पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो. घरी येऊन चारही चाकांच्या रिमला हात जवळ न्या. एखादे इतरांपेक्षा जास्त तापलेले असेल तर प्रश्न ८ आणि १० पुन्हा वाचा. १०० किलोमीटरनंतर मागचे लायनर पुन्हा ॲडजस्ट करा, कॅलिपरचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासा आणि पेडलची उंची मोजून वहीतल्या पहिल्या आकड्यासमोर लिहा.